वाचलेली मिनिटं कुणाची?

मुंबईच्या सागरी किनारा मार्गाबद्दल, म्हणजे आपण सगळे ज्याला 'कोस्टल रोड' म्हणतो त्याबद्दल, दोन आकडे इतक्या वेळा छापून आलेत की ते आता पाठ झालेत. प्रवासाच्या वेळेत ७० टक्के बचत आणि इंधनात ३४ टक्के बचत. प्रिन्सेस स्ट्रीटच्या उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या वरळीकडच्या टोकापर्यंत १०.५८ किलोमीटर लांबी, खर्च सुमारे १४ हजार कोटी रुपये. ऑक्टोबर २०१८मध्ये काम सुरू झालं, मार्च २०२४मध्ये पहिला टप्पा खुला झाला आणि जानेवारी २०२५च्या अखेरीस दोन्ही दिशांनी सागरी सेतूपर्यंत थेट जाता येऊ लागलं.

मी त्या रस्त्यावरून गेलोय. ऑफिसच्या कामासाठी नरिमन पॉइंटला जावं लागलं की कंपनीच्या खर्चाने कॅब मिळते, आणि कॅबवाले आता दुसऱ्या रस्त्याचं नावही काढत नाहीत. मलबार हिलच्या पोटातून जाणारे ते दोन किलोमीटरचे जुळे बोगदे बघून कुठल्याही इंजिनिअरला बरं वाटावं. ते खोदणाऱ्या यंत्राचं नाव 'मावळा', व्यास १२.१९ मीटर. वर टेकडीवर जुने बंगले आणि इमारती जशाच्या तशा उभ्या आणि खाली चार मजली घर आडवं मावेल एवढं भोक पाडत यंत्र पुढे सरकतंय, हे चित्र मला आजही भारी वाटतं. मी संगणकाचा इंजिनिअर आहे. माझ्या हातून आजवर जे काही 'बांधलं' गेलं ते वीज गेल्यावर दिसत नाही. त्यामुळे खऱ्या बांधकामाबद्दल मला थोडा मत्सरयुक्त आदर आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

शिवाय ती ७० टक्क्यांची बचत मला थापेबाजी वाटत नाही. पेडर रोडवर पाऊण तास घालवलेल्या माणसाला त्यासाठी पुरावा लागत नाही. मला पडलेला प्रश्न बचत झाली की नाही, हा नाहीच. ही मिनिटं एकमेकांत मिळवता येतात का आणि मिळवल्यावर जी बेरीज येते ती नक्की कुणाची असते, हा आहे.

अशी बेरीज करायची कल्पनाही एका इंजिनिअरचीच. ज्यूल द्युपुई नावाचा एक फ्रेंच इंजिनिअर पूल आणि रस्त्यांच्या सरकारी खात्यात नोकरीला होता. १८४४ साली त्याने एक निबंध लिहिला. प्रश्न साधा होता : सरकार पूल बांधतं, तो बांधण्यालायक होता हे कसं ठरवायचं? गोळा झालेल्या टोलवरून ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. ज्याने एक नाणं टोल भरला, तो कदाचित वेळ पडल्यास पाच नाणीही भरायला तयार झाला असता. ती वरची चार नाणीसुद्धा पुलाचा फायदाच आहेत, फक्त ती कुणाच्या गल्ल्यात दिसत नाहीत. पुढे अर्थशास्त्रात या कल्पनेवर इमले उभे राहिले. १९३६ साली अमेरिकेत पूरनियंत्रणाचा कायदा झाला. त्यात कसोटी अशी ठेवली की फायदे कुणालाही होवोत, ते खर्चापेक्षा जास्त असले म्हणजे झालं. 'कुणालाही होवोत' हे शब्द वाचताना पटकन निसटून जातात. पण पुढची सगळी भानगड त्यांत आहे.

कारण फायदा एकाला आणि तोटा दुसऱ्याला झाला तर काय? १९३९ साली निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स या दोघांनी यावर जवळपास सारखंच उत्तर दिलं. ज्यांना फायदा झाला त्यांनी तोटा झालेल्यांची भरपाई करूनही हातात काही उरत असेल, तर प्रकल्प चांगला. यातली गंमत म्हणजे भरपाई खरोखर द्यायची अट नाही. देता आली असती, एवढं पुरे! अमर्त्य सेन यांनी यावर घेतलेला आक्षेप मला सर्वांत नेमका वाटतो. भरपाई खरोखरच दिली, तर कुणाचंच नुकसान झालेलं नाही, मग ही कसोटी हवीच कशाला? आणि दिली नाही, तर 'देता आली असती' या वाक्याने ज्याचं नुकसान झालं त्याचं समाधान का व्हावं?

आता मिनिटांकडे येऊ. समजा एक लाख माणसांची रोज पाच-पाच मिनिटं वाचली. पाच लाख मिनिटं म्हणजे ८,३३३ तास, म्हणजे ३४७ दिवस. हा रस्ता रोज जवळजवळ एक वर्ष वाचवतो, असं भाषणात म्हणता येईल, आणि गणित चुकलेलं नसेल. पण ते वर्ष जगणारा माणूस कुठे आहे? पाच मिनिटं लवकर पोचलेली एक लाख माणसं आहेत. त्यातल्या निम्म्यांनी ती मिनिटं लिफ्टसमोर उभं राहून घालवली असतील. वर्षभर जास्त जगलेला एकही माणूस नाही. जॉन रॉल्सने १९७१ साली उपयुक्ततावादावर जो मुख्य आरोप केला तो हाच : एक माणूस आज थोडा त्रास सोसून उद्याचं सुख मिळवतो ते शहाणपणाचं आहे म्हणून तुम्ही तोच नियम अख्ख्या समाजाला लावता, आणि सोसणारा वेगळा आणि सुख भोगणारा वेगळा आहे, हे विसरता.

मिनिटांचे पैसे करताना आणखी एक पेच येतो. वाचलेल्या वेळेची किंमत ठरवायची सगळ्यांत सोपी पद्धत म्हणजे त्या वेळात माणूस किती कमावतो ते बघणं. उदाहरणासाठी धरू की मी तासाला ६०० रुपये कमावतो आणि आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या ताई ६० रुपये. तर माझं मिनिट दहा रुपयांचं, त्यांचं एका रुपयाचं. या हिशोबाने माझं एक मिनिट वाचवण्यासाठी त्यांची नऊ मिनिटं फुकट घालवणं समाजाच्या फायद्याचं ठरतं. असं तोंडाने कुणी म्हणणार नाही, पण गाडीने जाणाऱ्यांच्या आणि बसने जाणाऱ्यांच्या वेळेला वेगवेगळे दर लावले की अहवालाच्या पोटात हे वाक्य निमूटपणे बसलेलं असतं. यावर उपाय आहे. सगळ्यांच्या फावल्या वेळेला एकच दर लावायचा. ब्रिटनमध्ये बराच काळ तसं करतही आले. पण मग ज्याच्या पैशांतून रस्ता होतो आणि जो त्यावरून जातो, ते दोघे वेगळे असले तर काय, हा प्रश्न उरतोच.

कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी आहे, तीनचाकीलाही आहे. माझ्याकडे स्कूटर आहे, तेव्हा माझा यात स्वार्थ आहे असं कुणी म्हटलं तरी चालेल. सागरी सेतूवर हीच बंदी २००९पासून आहे. कारण सुरक्षेचं सांगतात, आणि समुद्रावरचा वारा आणि गाड्यांचा वेग बघता ते अगदीच खोटं नाही. या रस्त्याला टोल नाही. म्हणजे महापालिकेच्या तिजोरीतून झालेला रस्ता, चारचाकीवाल्यांना फुकट आणि दुचाकीवाल्यांना बंद. मूळ कल्पनेत बससाठी राखीव मार्गिका होती, हे आज फारसं कुणाला आठवतही नाही.

माझा रोजचा प्रवास डोंबिवली ते दादर आणि पुढे लोअर परळ, लोकलने. मुंबईची लोकल रोज ७० लाखांहून अधिक फेऱ्या वाहून नेते आणि कोविडची वर्षं सोडली तर या जाळ्यावर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दोन गाड्या एकमेकींशेजारून जात असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. त्या दिवशी आमच्या ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'सेफ' असं लिहून पाठवणाऱ्यांत मीही होतो. इतके हजार कोटी लोकलसाठी का नाही, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : लोकल रेल्वेची, रस्ता महापालिकेचा, या खिशातले पैसे त्या खिशात जात नाहीत. उत्तर बरोबर आहे. फक्त त्याचा अर्थ असा की 'शहराचा फायदा' म्हणून जी बेरीज आपल्याला दाखवतात, ती शहराची नसते. ती एका खिशाची असते.

इथवर जे लिहिलं त्याचा बराचसा भाग रस्त्यांच्या विरोधात नेहमीच म्हटला जातो आणि त्याने कुणाचं मत बदलत नाही. समर्थकांकडे तितकंच भक्कम उत्तर असतं, आणि ते याच किनाऱ्यावर दगडात बांधलेलं आहे. हाजी अलीसमोरून जाणारा जुना रस्ता म्हणजे हॉर्नबी वेलार्ड. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचं पाणी थेट बेटाच्या मध्यात शिरायचं. विल्यम हॉर्नबी या गव्हर्नराने कंपनीच्या वरिष्ठांची नाराजी पत्करून तिथे बांध घातला. साधारण १७८४च्या सुमाराला तो पुरा झाला. मुंबईच्या मधल्या दलदलीवर मग वस्ती होऊ शकली. बांध पुन्हा पुन्हा ढासळत होता, शेवटी समुद्रातून देवीच्या मूर्ती काढून त्यांची स्थापना केल्यावर तो टिकला, ही महालक्ष्मीच्या देवळाची आख्यायिका घराघरांत सांगितली जाते. त्या भरावाने कुणाची मासेमारी बुडाली, कुणाची मिठागरं गेली, याची आख्यायिका मात्र नाही. आज त्या बांधाबद्दल तक्रार करणारा एकही माणूस सापडणार नाही. तेव्हा, समर्थक म्हणतात, पन्नास वर्षं थांबा, कोस्टल रोडचंही तेच होईल.

होईलही. पण यावरून मला आठवतो तो दुसरा भराव. १९२०च्या दशकात बॅकबेच्या भरावात इतका पैसा बुडाला की लोक त्याला गव्हर्नर लॉइड यांचा मूर्खपणा म्हणू लागले. त्यातला सावळा गोंधळ खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलाने चव्हाट्यावर आणला. एका इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, आणि त्यातून नरिमन सुटले. पुढे तिथे भराव झालाच, आणि त्याच्या टोकाला ज्याने प्रश्न विचारले त्याचंच नाव दिलं गेलं. मुंबईचा विनोद हा असा असतो.

पन्नास वर्षांनी कुणी तक्रार करणार नाही, हे समर्थन नाहीच. तक्रार करणारे तोवर उरलेले नसतात किंवा कुठेतरी पांगलेले असतात, एवढाच त्याचा अर्थ. आणि आर्थिक अहवाल तरी दूरच्या काळाला कुठे एवढी किंमत देतात? दर साल दहा टक्क्यांनी सूट धरली तर तीस वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज पावणेसहा रुपयांना जातात. नातवंडांच्या भल्यासाठी म्हणून जो प्रकल्प करायचा त्याच्या हिशोबात नातवंडांना जवळपास किंमतच नसते. दोन्हीकडून बोलायचं म्हणजे जरा जास्तच झालं.

तर मग काय, काहीच बांधायचं नाही का? मला तसं वाटत नाही. हा प्रश्न मला सुटला असं नाही, पण निदान नीट मांडता आला तो माझ्या पेशामुळे.

पहिल्या नोकरीत मी माल पोचवणाऱ्या गाड्यांचे मार्ग ठरवणाऱ्या प्रणालीवर काम केलं. अशा कामात गणित दोन भागांत लिहितात. एक भाग म्हणजे उद्दिष्ट : काय कमीत कमी करायचं. आमच्याकडे ते होतं सगळ्या गाड्यांचा एकूण वेळ. दुसरा भाग म्हणजे अटी : गाडीत इतकाच माल मावतो, चालकाने इतकेच तास चालवायचं. प्रणाली सुरू झाली, एकूण वेळ घटला, वरचे खूश झाले. काही आठवड्यांनी असं दिसलं की हायवेच्या पलीकडच्या एका वस्तीतल्या दुकानांचा माल रोज शेवटी पोचतोय, आणि उशीर झाला तर दुसऱ्या दिवसावर जातोय. असं व्हावं म्हणून कुणी एक ओळही लिहिली नव्हती. बेरीज कमी करायची तर कुणीतरी शेवटी राहणार, आणि रोज तेच शेवटी राहणं बेरजेला सोयीचं होतं. गोदामात गाड्या लावणारे एक वयस्कर गृहस्थ होते. ते म्हणाले, "अहो इंजिनिअर, तुमचं यंत्र हिशोबात हुशार आहे, पण त्याला पाळी कळत नाही." आम्ही मग पाळी शिकवली. एकाच दुकानावर लागोपाठ तिसऱ्या दिवशी शेवटचा नंबर येता कामा नये, अशी अट घातली. एकूण वेळ किंचित वाढला.

तेव्हापासून कुठलाही मोठा प्रकल्प बघताना मी एकच गोष्ट शोधतो : यात बेरजेत काय टाकलंय आणि अट म्हणून काय ठेवलंय? बेरजेत टाकलेली गोष्ट दुसऱ्या कशाने तरी भरून काढता येते. अट म्हणून ठेवलेली गोष्ट आधी पाळावी लागते, मग उरलेल्यात काय नफा करायचा तो करा. स्थापत्य अभियंत्यांना हे कुणी शिकवायला नको. पुलाच्या खांबाची मजबुती ते कधी बेरजेत टाकत नाहीत. खांब थोडा कच्चा ठेवला तर इतके कोटी वाचतील आणि पडलाच तर इतक्यांची भरपाई, असा हिशोब मांडणाऱ्याला आपण इंजिनिअर म्हणणार नाही.

कोस्टल रोडमध्ये हा फरक दोन ठिकाणी अगदी उघडा पडला. वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ आहेत. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. त्यामुळे रस्ता पुढे जाण्याआधी परवानगी घेऊन त्यांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. प्रवाळाला पैसे देऊन गप्प बसवता येत नाही. कायद्याने ते अट होते.

वरळी कोळीवाड्याचा तांडेल मात्र अट नव्हता. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांना समुद्रात जायला जी वाट आहे, तिच्यावरून हा रस्ता सागरी सेतूला जोडायचा होता. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर होतं ६० मीटर. कोळ्यांचं म्हणणं, हे पुरत नाही. कागदावर होडी काही मीटरची आणि गाळा साठ मीटरचा, मग अडचण कसली, असं कुणालाही वाटेल. महापालिकेनेही तज्ज्ञांच्या अभिप्रायावर बोट ठेवलं. पण किनाऱ्यालगत खडक आहेत, भरतीत ते पाण्याखाली जातात. खांबाभोवती पाणी ओढतं, उधाणात होडी सरळ जात नाही, समोरून दुसरी होडी येते, आणि पावसाळी वाऱ्यात इंजिन बंद पडलं तर खांबावर आपटायला क्षण पुरतो. त्या वाटेवर सागरी सेतूचे खांब आधीच येऊन बसलेले. कोळ्यांची मागणी १६० ते २०० मीटरची होती. त्यासाठी त्यांनी आपल्या होड्या समुद्रात उभ्या करून काम अडवलं, आणि त्या भागातलं काम बराच काळ थांबलं.

या काळात वर्तमानपत्रांत आणि चर्चांत भरपाईचा विषय सारखा यायचा. मासेमारीचं किती नुकसान झालं, किती कुटुंबं, किती पैसे. भरपाई मिळायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. पण बंदरातून उठणारी मुख्य मागणी ती नव्हती. ते पैसे मागत नव्हते, वाट मागत होते. गणिताच्या भाषेत सांगायचं तर ते म्हणत होते : आम्हाला बेरजेतून काढा आणि अटींत घाला. मला यात मोठा नैतिक फरक दिसतो. भरपाई घेणारा माणूस हिशोबापुरता संपतो. त्याचं नुकसान किती ते ठरलं, तेवढं दिलं, खातं बंद. वाट मागणारा माणूस उद्याही तिथेच असणार आहे. मुलाला होडी शिकवणार आहे, ओहोटीला बायका खडकांवर कालवं फोडायला जाणार आहेत. त्याच्या बाजूने ठरवायचं तर रस्त्याने त्याला धरून चालावं लागतं.

डिसेंबर २०२२मध्ये सरकारने मान्य केलं, मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करायचं. एवढा मोठा गाळा साध्या तुळईने पेलत नाही, म्हणून तिथे कमानीचा पोलादी पूल आला. एप्रिल २०२४मध्ये त्याचा पहिला भाग, १३६ मीटर लांब आणि सुमारे २,००० टन वजनाचा, तराफ्यावर घालून आणला आणि भरती-ओहोटीची वेळ साधून बसवला. आज कोस्टल रोडच्या कुठल्याही फोटोत सगळ्यांत देखणी दिसते ती हीच कमान. तिच्याखाली कोळ्यांची वाट आहे, हे फोटोच्या खाली सहसा लिहिलेलं नसतं. १६० मागून १२० मिळाले, तेव्हा कोळ्यांचा विजय झाला असं मी म्हणणार नाही. पण जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते महाग होतं, अशक्य नव्हतं. हे एका ठिकाणी तरी पोलादात सिद्ध झालं.

यावरचा खरा आक्षेप मला माझ्या कामातूनच माहीत आहे. अटी फार झाल्या की प्रणाली सरळ उत्तर देते : सोडवता येत नाही. प्रत्येकाचं म्हणणं अट मानलं तर मुंबईत एक गटारही बांधता येणार नाही. समुद्राकडच्या इमारतींत राहणाऱ्यांनाही हा रस्ता नको होता, त्यांचा समुद्र लांब गेला. मग तांडेलाची वाट अट आणि त्यांचा देखावा अट का नाही?

माझं उत्तर असं. देखाव्याचं नुकसान खरं आहे, पण ते बेरजेत बसतं. त्याच्या बदल्यात खरोखरच काही देता येतं. या प्रकल्पात १११ हेक्टर भराव झाला, त्यातल्या मोकळ्या जागेवर निवासी किंवा व्यापारी बांधकाम होऊ नये असं सर्वोच्च न्यायालयाचं बंधन आहे, आणि ऑगस्ट २०२५मध्ये किनाऱ्याचा लांबलचक विहारपथ लोकांना खुला झाला. (या विहारपथाबद्दल एक गोष्ट नमूद करायलाच हवी. गाडी असो वा नसो, इथे सगळ्यांना सारखाच वारा मिळतो. ज्याची मिनिटं कुणी मोजली नाहीत तोही इथे येऊन बसू शकतो. माझ्या मते या रस्त्याचा सर्वांत न्याय्य फायदा हा, आणि ७० आणि ३४ टक्क्यांच्या जाहिरातीत तो नाही.) तांडेलाची वाट गेली तर तिच्या बदल्यात तशीच काही वस्तू देता येत नाही. देता येतात ते पैसे, आणि ते घेऊन त्याला दुसरा कुणीतरी माणूस व्हावं लागतं. ज्या नुकसानीची भरपाई घेण्यासाठी माणसाला स्वतःच बदलावं लागतं, ते बेरजेत टाकू नये. जीव तर अर्थातच टाकू नये. रेषा नेहमी इतकी स्वच्छ काढता येईल असं नाही. एखाद्या फेरीवालीचं चौकातलं ठरलेलं ठिकाण कुठल्या बाजूला पडतं, यावर माझी माझ्याशीच भांडणं होतात. पण रेषा कुठे काढायची यावर भांडण होणं आणि रेषाच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ही रेषा कधी काढायची याला फार महत्त्व आहे. वरळीत ती काम सुरू झाल्यावर चार वर्षांनी निघाली. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९मध्ये किनारा क्षेत्राची परवानगी रद्द केली, त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, आणि काम पुढे चालू राहिलं. काम जितकं पुढे जातं तितकी प्रत्येक नवी अट महाग होते, आणि मग ती मागणाराच खर्च वाढवणारा म्हणून बदनाम होतो. आमच्या क्षेत्रात हे रोज घडतं. शेवटच्या आठवड्यात चूक दाखवणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

आता हाच रस्ता उत्तरेकडे न्यायचाय, वर्सोव्यापासून दहिसर-भाईंदरकडे. त्यात सुमारे ४५ हजार कांदळवनं बाधित होणार आहेत. काही कायमची जातील, बाकीची पुन्हा वाढतील असं महापालिका सांगते, आणि दुसरीकडे नवी लावायची योजनाही आहे. वळवलेल्या वनजमिनीच्या बदल्यात पर्यायी वनीकरणासाठी जमीन पुढे आलीय ती चंद्रपूर जिल्ह्यात. झाडांची संख्या मोजली तर बेरीज जुळेल. पण मालाडच्या खाडीत भरतीचं पाणी चढेल तेव्हा त्याला अडवायला चंद्रपूरची झाडं येणार नाहीत.

या टप्प्याचे फायदेही येतीलच छापून, किती टक्के वेळ आणि किती टक्के इंधन. मला त्या अहवालात आणखी एक पान बघायला आवडेल. त्यात आकडे थोडे असले तरी चालतील. कुठल्या गोष्टी आम्ही कशाच्याही बदल्यात देणार नाही, त्यांची यादी. कुठल्या वाटेवर खांब येणार नाही, कुठल्या रस्त्यावर बस आणि दुचाकीला जागा असेल, कुणाची भरपाई पहिला दगड पडण्याआधी हातात पडेल. ही यादी मंत्रालयात किंवा सल्लागार कंपनीच्या काचेच्या ऑफिसात बसून करता येणार नाही. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई इथल्या बंदरांवर जाऊन विचारावं लागेल. आणि जायचं तर ओहोटीच्या वेळी जावं, खडक उघडे असताना.